टेरी बेकर: हाइझमन ट्रॉफीवाला वकील

गवतावरचा (धागाकर्ता)

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक विक्रम असा आहे, ज्याची बरोबरी करता येते, पण तो मोडता येत नाही. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू तुमच्याच बाजूच्या एक यार्डाच्या रेषेवर असेल तर समोर उरतात नव्याण्णव. तेवढे सगळे एका दमात धावून गेलात की संपलं, त्यापुढे मैदानच नाही. १५ डिसेंबर १९६२ रोजी फिलाडेल्फियात लिबर्टी बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात ओरेगॉन स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक टेरी बेकर नेमकं हे करून गेला. कडाक्याची थंडी. लाखभर माणसं मावतील असं स्टेडियम, आणि प्रेक्षक आलेले सतरा हजारांच्या आसपास. समोर व्हिलानोव्हा. सामना संपला ६-०. म्हणजे अख्ख्या सामन्यात गुण झाले ते या एका धावेचेच.

आपल्याकडे या खेळाबद्दल 'हेल्मेट घालून केलेली मारामारी' यापलीकडे फारसं बोललं जात नाही, म्हणून थोडं सांगतो. अकरा विरुद्ध अकरा. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. प्रत्येक संधीला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो फेकायचा, दुसऱ्याकडे सोपवायचा की स्वतः पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि तेही समोरून चार-पाच धिप्पाड गडी अंगावर येत असताना. कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला १९३५ पासून न्यूयॉर्कमध्ये हाइझमन ट्रॉफी देतात. १९६२ ची बेकरला मिळाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉलेजकडे ती जाण्याची ही पहिलीच वेळ. तोपर्यंत मतं देणारे पूर्वेकडचे पत्रकार ओरेगॉन नकाशात शोधत असावेत.

बेकरचा जन्म १९४१ चा, मिनेसोटातला. वाढला पोर्टलंडमध्ये, एकट्या आईच्या जिवावर. कॉर्व्हॅलिसला, ओरेगॉन स्टेटच्या गावी, आला तो बास्केटबॉलसाठी. फुटबॉलचे प्रशिक्षक टॉमी प्रोथ्रो यांनी त्याला नंतर आपल्याकडे ओढलं. या सगळ्यात तो शिकत काय होता, तर मेकॅनिकल इंजिनिअरिंग. मी कॉर्व्हॅलिसला त्याच शाखेत एमएस केलंय. तिथल्या थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरची आठवण झाली की मला या माणसाबद्दल हाइझमनपेक्षा त्याचंच जास्त कौतुक वाटतं.

डिसेंबरात लिबर्टी बोल संपला आणि हे महाशय बास्केटबॉलच्या संघात जाऊन बसले. स्लॅट्स गिल यांचा तो संघ, मधे सात फुटी मेल काउंट्स. मार्च १९६३ मध्ये तो संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत पोचला. हाइझमन आणि अंतिम चार, दोन्ही नावावर असलेला आजवरचा हा एकच खेळाडू. मात्र लुईव्हिलला सिनसिनाटीने त्यांना ८०-४६ असं धुतलं, आणि त्या सामन्यात बेकरचा एकही बास्केट पडला नाही. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या नियतकालिकाने १९६२ चा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड केली होती. हा मान मिळालेला तो पहिला कॉलेज फुटबॉलपटू.

मग आली एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग. लॉस एंजेलिस रॅम्सने १९६३ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) सगळ्यांत पहिला म्हणून त्याला घेतलं. पहिल्याच लढतीत, डेट्रॉइटविरुद्ध, त्याला क्वार्टरबॅक म्हणून उतरवलं. त्याने तीन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले आणि रॅम्स २३-२ ने हरले. पुन्हा सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून त्याला संधी मिळालीच नाही. पुढे हाफबॅक (चेंडू घेऊन पळणारा) म्हणून इथे-तिथे खेळवलं. तीन हंगामांत १८ सामने, की खेळ खलास. १९६७ मध्ये कॅनडात एडमंटनकडून एक हंगाम.

बहुतेक लेख इथेच 'अपयशी नंबर एक' असा शिक्का मारून त्याला सोडून देतात. मला सांगायचंय ते त्यापुढचं. रॅम्समध्ये असतानाच तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये शिकू लागला होता. रॅम्सचं तेव्हाचं घरचं मैदान म्हणजे लॉस एंजेलिसचं कोलिझियम, आणि ते या विद्यापीठाच्या अगदी शेजारी. खेळ संपल्यावर 'आता काय' म्हणून तो कायद्याकडे वळला नाही. खेळ चालू असताना, पगार मिळत असताना त्याने दुसरं दार उघडून ठेवलं. नंतर पोर्टलंडला परतला आणि पुढची कैक वर्षं तिथे वकिली केली. १९८२ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, तेव्हा तो मुरलेला वकील होता.

मला वाटतं, त्याने हाइझमनला आयुष्याचं शिखर कधी मानलंच नाही. म्हणून घसरणही झाली नाही. बोला मंडळी.

---

सायली_ठाणे

मस्त लेख! फुटबॉल ओ की ठो कळत नाही, पण नव्याण्णव यार्डांचा मुद्दा कळला. एक प्रश्न: बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ असतं तसं तिकडे नसतं का? इंजिनिअर थेट वकील कसा होतो?

---

गवतावरचा

सायली, तिकडे आधी कुठलीही पदवी, मग तीन वर्षांचं लॉ स्कूल, आणि मग त्या-त्या राज्याची बार परीक्षा. आपल्याकडे पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएलबी आहे, साधारण तसंच. इंजिनिअरिंग करून कायद्याकडे येणारे तिकडे बरेच असतात.

---

खडूस काका

आपल्याकडे कबड्डीवर लिहायला कुणी नाही, आणि इथे फिलाडेल्फियाच्या थंडीचं वर्णन. चालू द्या.

(वाचला मात्र शेवटपर्यंत.)

---

काळा कोट

लेख छान, पण 'दोन सेकंदांत निर्णय घेणारा क्वार्टरबॅक, म्हणून चांगला वकील' असं कुणीतरी लिहिणारच आहे. त्याआधी मीच लिहून टाकते: असं काही नसतं. पुण्यात २० वर्षं दिवाणी वकिली करतेय. आमच्या कामातला मोठा भाग म्हणजे टेबलाशी बसून कागद वाचणं. सातबारा, फेरफार, जुने करार, आणि अशिलाने 'ते काही महत्त्वाचं नाही हो' म्हणत मागे ठेवलेलं एक पत्र, ज्यात सगळी केस असते. कोर्टात फटकन उत्तर द्यावं लागतं ते महिन्यातून एकदा. तेही आदल्या रात्री फाइल नीट वाचली असेल तरच सुचतं.

वकिली जमायला उपयोगी पडला असेल तर तो थर्मोडायनॅमिक्सचा पेपर. चेंडू नव्हे. गवतावरचा, तुम्ही स्वतः ते म्हणालात आणि लगेच 'शिखर-घसरण' वगैरे तत्त्वज्ञानात शिरलात.

---

नाथ्या

काळा कोट ताई, +१. आणि पैशाचं कुणी बोलतच नाहीये. १९६३ च्या अमेरिकेत खेळून माणूस श्रीमंत होत नव्हता. हंगाम संपला की एनएफएलवाले विमा विकायचे, गाड्या विकायचे, शाळेत शिकवायचे. बेकरनंतर दोनच वर्षांनी जो नेमथ या क्वार्टरबॅकला न्यूयॉर्क जेट्सने ४ लाख २७ हजार डॉलरचा करार दिला आणि सगळी गणितं बदलली. दोन लीग एकमेकांशी भांडत होत्या, त्यात खेळाडूंचे भाव चढले. बेकर जरा आधी जन्मला, एवढंच. नेमथएवढा करार हातात असता तर लॉ स्कूलची पायरी चढला असता का?

आपल्याकडचंही बघा. अजित वाडेकर भारताचे कप्तान होते आणि स्टेट बँकेत नोकरीला होते. मुंबईतले क्रिकेटपटू टाइम्स शील्डमध्ये ऑफिसच्या संघातून खेळायचे, ते काही हौसेने नव्हे. नोकरी होती म्हणून घर चालायचं. त्यांना कुणी 'शिखराला शिखर न मानणारे' म्हटलं नाही.

---

गवतावरचा

नाथ्या, नेमथचा मुद्दा खरा आहे, पण एक विसरतोयस. बेकर ड्राफ्टमध्ये पहिला होता. त्याच्यासाठी दोन्ही लीगच्या संघांनी हात टाकला होता. दुसऱ्या लीगच्या सॅन डिएगो चार्जर्सनेही त्याला निवडलं होतं. त्या काळाच्या मानाने त्याला चांगलेच पैसे मिळत होते. गरजेपोटी वकिली धरली, असं म्हणायला तितकीशी जागा नाही. आणि वाडेकरांच्या बँकेतल्या नोकरीला क्रिकेटची मदत झाली होती. बेकरला लॉ स्कूलच्या परीक्षेत हाइझमनचे वाढीव गुण मिळत नव्हते.

ताई, तत्त्वज्ञानाबद्दल: खेळात अपयश आल्यावर हॉटेल काढणारे, जाहिरातीत येणारे, आणि जुन्या सामन्याची कहाणी विकून जगणारे खूप आहेत. बेकरकडे तर न मोडता येणारा विक्रम होता. तरी त्याने तो विकला नाही. एवढंच म्हणायचंय.

---

पुस्तककिडा

या विषयावर बायरन व्हाइटचं नाव आल्याशिवाय राहवत नाही. १९३७ चा कोलोरॅडोचा टेलबॅक. (क्वार्टरबॅक नव्हे. पण तेव्हाच्या सिंगल विंग रचनेत चेंडू फेकायचं आणि पळायचं काम टेलबॅककडेच असायचं, त्यामुळे बेकरच्या भावकीतला धरा.) हाइझमनच्या मतदानात दुसरा आला, येलच्या क्लिंट फ्रँकच्या मागे. १९३८ मध्ये पिट्सबर्गने १५,८०० डॉलर देऊन घेतला. तेव्हा एवढा पगार लीगमध्ये कुणालाच नव्हता. पहिल्याच वर्षी धावण्यात अख्ख्या लीगमध्ये अव्वल. मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, तिथून येल लॉ स्कूल, मधे दोन हंगाम डेट्रॉइट लायन्सकडून, मग युद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात. केनेडींनी १९६२ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात नेमलं. १९९३ पर्यंत तिथे. 'व्हिझर' हे त्याचं खेळातलं टोपणनाव त्याला शेवटपर्यंत आवडलं नाही म्हणतात.

योगायोग असा की, व्हाइट न्यायमूर्ती झाला आणि बेकरला हाइझमन मिळाली ते वर्ष एकच.

अजून एक: ॲलन पेज. मिनेसोटा व्हायकिंग्जचा बचावपटू, १९७१ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. खेळत असतानाच १९७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पुढे १९९३ ते २०१५ मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती. आणि क्वार्टरबॅकच हवा असेल तर स्टीव्ह यंग: ब्रिगम यंग विद्यापीठाची कायद्याची पदवी १९९४ ची, आणि त्याच हंगामाच्या शेवटी सुपर बोलमध्ये (एनएफएलचा अंतिम सामना) सहा टचडाउन पास. पण त्याने बेकरसारखी वकिली व्यवसाय म्हणून केली नाही.

---

काळा कोट

पुस्तककिडा, व्हाइटचं नाव काढलंतच, तर त्याच्या खऱ्या गंमतीच्या निकालाबद्दल लिहिते.

१९८४. कॉलेज फुटबॉलचे सामने टीव्हीवर किती आणि कोणाचे दाखवायचे हे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, एनसीएए, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं म्हणाली, आमचे सामने आम्ही विकू. प्रश्न मक्तेदारीविरोधी कायद्याचा. न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. बहुमताचा निकाल स्टीव्हन्स यांनी लिहिला. विरोधात कोण होतं? व्हाइट, आणि त्याच्या बाजूने रेन्क्विस्ट. नऊजणांत कॉलेज फुटबॉल खेळून नाव कमावलेला एकच माणूस, आणि त्याचं म्हणणं की संघटनेच्या या बंधनांमागे शिक्षणाचा हेतू आहे, याकडे निव्वळ धंदा म्हणून बघू नका.

व्हाइटचं हे मत वाचलं तेव्हा मला ते भाबडं वाटलं. टीव्हीचे पैसे सुटले, ते विद्यापीठांकडे आणि प्रशिक्षकांकडे गेले. खेळाडूला तरीही शिष्यवृत्तीच. २०२१ च्या ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० ने संघटना हरली, तेव्हा न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं मत लिहून सांगितलं की दुसरा कुठला उद्योग कामगारांना असं वागवून सुटला नसता. आणि जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातल्या तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजुरी दिली. आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

तेव्हा नाथ्याचा प्रश्न मी असा विचारते: आज बेकर असता तर तो कॉर्व्हॅलिसला थांबलाच नसता. दुसऱ्या वर्षी मोठ्या विद्यापीठाने जास्त पैसे देऊन उचलला असता. इंजिनिअरिंगचे क्रेडिट इकडून तिकडे नेताना निम्मे गळाले असते.

---

नाथ्या

ताई, म्हणजे खेळाडूला पैसे देऊ नयेत?

---

काळा कोट

अजिबात नाही. द्यायलाच हवेत. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा एक खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितलं, कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. दमडी मिळाली नाही. ही केस वाचलेल्या कुणाही वकिलाला 'जुने दिवस किती निर्मळ' हे गाणं ऐकवू नका.

मी फक्त एवढंच म्हणतेय की बेकरच्या मोठेपणाचं श्रेय त्या व्यवस्थेला देऊ नका. तिने त्याला शिकू दिलं, हे तिच्या सोयीचंही होतं.

---

खडूस काका

हे मात्र पटलं. आमच्या काळी साखर कारखान्याच्या व्हॉलीबॉल संघात घेताना 'परमनंट करतो' सांगायचे. गुडघा गेला की ओळख नाही. कारखान्याचं नाव घेत नाही, सगळे ओळखतात.

---

हिल्सबोरोकर

सगळ्यांना नमस्कार. पोर्टलंडच्या बाजूला हिल्सबोरोत राहतो, चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे (इथे राहणारा मराठी माणूस दुसरं काय करणार). आमच्या गणेशोत्सवाच्या कमिटीत निम्मे बीव्हर्सवाले (ओरेगॉन स्टेटचे), निम्मे डक्सवाले (ओरेगॉन विद्यापीठाचे). ओरेगॉन-ओरेगॉन स्टेट सामन्याच्या आठवड्यात पोरं एकमेकांशी बोलत नाहीत.

गवतावरचा, लेखात एक गोष्ट सुटली असं वाटतं, आणि ती मला सगळ्यांत मजेशीर वाटते. १९६२ मध्ये ओरेगॉन स्टेट कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हतं! पश्चिम किनाऱ्यावरची जुनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याच्या भानगडींमुळे १९५९ मध्ये मोडली. कॅलिफोर्नियातल्या बड्यांनी नवा घरोबा केला, ओरेगॉन स्टेटला १९६४ पर्यंत त्यात जागा मिळाली नाही. म्हणजे बेकरने हाइझमन जिंकली ती एका बेघर संघाकडून.

---

सायली_ठाणे

कॉन्फरन्स म्हणजे आपल्या रणजीतल्या गटांसारखं का?

---

हिल्सबोरोकर

साधारण तसंच, पण इथे गट स्वतःच टीव्हीशी करार करतो. म्हणजे गटातून बाहेर पडलात की पैशातूनही बाहेर.

आणि तेच पुन्हा झालं. २०२४ मध्ये पॅक-१२ या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्समधली दहा विद्यापीठं टीव्हीच्या पैशामागे दुसरीकडे गेली. मागे उरली दोनच: ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. इथली मंडळी अक्षरशः रडली. जाणाऱ्या दहा जणांना तरीही कॉन्फरन्सच्या मंडळात मत हवं होतं, म्हणजे तिजोरीचं काय करायचं हे जाणाऱ्यांनीच ठरवायचं. या दोघांनी वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन काउंटीच्या कोर्टात दावा लावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या न्यायाधीशाने सांगितलं, जे गेले त्यांचं मत गेलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. नाव, पैसा आणि मंडळ, तिन्ही या दोघांकडे राहिलं.

---

काळा कोट

हिल्सबोरोकर, तुमच्या मैदानावरच्या दहा विजयांपेक्षा हा मोठा म्हणायचा :)

कागदावर काय होतं? घटनेत 'बाहेर पडण्याची नोटीस दिली की मतदानाचा हक्क संपतो' असं काही होतं का?

---

हिल्सबोरोकर

हो, अगदी तसंच. ठरलेल्या मुदतीआधी निघायची नोटीस दिली तर मंडळावरची जागा जाते, असं पोटनियम सांगतात. आणि तो नियम याआधी दुसऱ्या दोन विद्यापीठांना लावला गेला होता. यूसीएलए आणि सदर्न कॅलिफोर्निया आधी निघाले, तेव्हा बाकीच्यांनीच त्यांना बैठकांबाहेर ठेवलं होतं.

---

काळा कोट

बघा. बाकी सगळी भाषणं. एक पोटनियम आणि एक जुनं उदाहरण.

---

गवतावरचा

आणि बेकर ज्या लॉ स्कूलमध्ये शिकला ते सदर्न कॅलिफोर्नियाचंच. हा धागा आता माझ्या हातात राहिलेला नाही.

---

नाथ्या

बोईसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरे २०२६ पासून येतायत ना त्या नव्या पॅक-१२ मध्ये? मग कॉर्व्हॅलिसचे सामने भारतात बघायला काय करायचं? शनिवारचा सामना म्हणजे आपली रविवारची पहाट.

---

हिल्सबोरोकर

रविवारी पहाटे उठायची तयारी असेल तर वेळापत्रक आलं की इथेच टाकतो. काकांनाही टॅग करेन.

---

खडूस काका

मला पाच वाजता जाग येतेच. करा टॅग.